ठोका चालू होता

मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे. ते भाग्य उंचावर उभ्या असलेल्या टाक्यांचे. त्यांना रंग देतात, त्यांच्या पायथ्याशी फुलझाडे लावतात आणि पत्ता सांगताना लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात. मी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली सांडपाण्याची टाकी. तुमच्या मोरीतून, बेसिनमधून आणि संडासातून जे वाहून जाते ते शेवटी माझ्याकडे येते. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तुम्ही सकाळी आंघोळ करून, केस विंचरून ऐटीत बाहेर पडता, ते तुमचे कालचे सगळे मी मुकाट्याने पोटात घेतलेले असते म्हणूनच.

आमच्यासारख्यांची गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. पण माझ्या पोटात कित्येक वर्षे एक ठोका वाजत होता. लोक म्हणत, या टाकीत भूत आहे. त्या ठोक्याची खरी हकिगत मला एकटीलाच ठाऊक होती, आणि मला एक सोडून दोन तोंडे असूनही बोलता येत नव्हते. आता तो ठोका थांबला आहे. म्हणून हे सगळे तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म एका मोठ्या खड्ड्यात झाला. आधी लोखंडी सळयांचा पिंजरा उभा राहिला. मग फळ्यांचे साचे लागले आणि घमेल्यामागून घमेले काँक्रीट माझ्यात ओतले गेले. साचे काढल्यावर माझ्या अंगावर ओली पोती टाकली होती. कामकरी बायका ती सकाळ-संध्याकाळ भिजवत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवतात ना, तसेच ते होते. शेवटच्या दिवशी म्हाताऱ्या गवंड्याने माझ्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे खूश होते.

मला दोन तोंडे ठेवली होती. एक पुढचे, पंपघराच्या दाराजवळ. दुसरे मागचे, कुंपणाच्या भिंतीला लागून. दोन्ही तोंडांखाली आत उतरण्यासाठी भिंतीत लोखंडी पायऱ्या बसवल्या होत्या. सगळी ये-जा पुढच्या तोंडातून व्हायची. मागच्या तोंडाचे झाकण कोणी उघडलेच नाही. ते गंजून जागच्या जागी बसले आणि त्याच्यावर गवत वाढले. त्या बाजूच्या पायऱ्यांना माणसाचा पाय कधी लागलाच नव्हता.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. पाहुणे यायचे, नाकाला रुमाल लावून का होईना पण माझे कौतुक करायचे. घाण पाणी माझ्याकडे यायचे, जड गाळ तळाशी बसायचा आणि वरचे पाणी पंप उचलून पुढे शुद्ध करायला पाठवायचा. पंपघराची एक भिंत माझ्या अंगाला चिकटूनच आहे. पंप सुरू झाला की ती भिंत थरथरते आणि मलाही गुदगुल्या होतात.

पण अशा पाण्यातून एक वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. तो वर चढतो, ओल्या भिंतीला चिकटतो आणि तिथे त्याचे आम्ल होते. पाण्याखालचे माझे अंग ठणठणीत राहिले. पाण्यावरचे मात्र हळूहळू ओल्या खडूसारखे झाले. नखाने खरवडले तरी निघावे इतके मऊ. आतल्या सळया गंजून फुगल्या. ज्यांनी पाहायचे ते वरून वाकून पाहत, टॉर्च मारत आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून निघून जात. पुढचे वर्ष दरवर्षी पुढेच जात राहिले.

असेच एकदा, मी आतून किती खराब झाले आहे हे तपासायला दोन भाऊ आले.

थोरल्याला सगळे ठोक्या म्हणत. भिंती ठोकून पाहणे हेच त्याचे काम होते. लहान हातोडी घेऊन तो भिंतीजवळ उभा राहायचा, मान कलती करायचा आणि ठोकायचा. भिंत भरीव असली की टण् असा आवाज येतो. आतून पोकळ झाली असली की भद् असा. पोकळ जागेभोवती तो खडूने गोल काढायचा. धाकटा भाऊ बाहेर तोंडाशी बसायचा. आतल्या माणसावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम.

या दोघांची एक रीत होती. टाकीत एक हाक मारली तर ती बराच वेळ घुमत राहते आणि मग पोकळ-भरीव काही कळत नाही. म्हणून ठोका ऐकू येतो आहे तोवर बाहेरच्याने गप्प बसायचे. ठोका थांबला की हाक मारायची. उत्तर आले नाही तर धावायचे. कितीतरी टाक्या त्यांनी अशाच तपासल्या होत्या आणि त्यांचे कधी काही बिघडले नव्हते.

त्या दिवशी माझ्यातले पाणी उपसून पुढच्या तोंडातून पंख्याची मोठी कापडी नळी आत सोडली होती. पंखा घोंघावत होता. पण नळी आखूड होती. हवा छताखालून सरळ जाऊन मागच्या भिंतीवर आदळत होती आणि खालच्या कोपऱ्यात पोचतच नव्हती. त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. ठोक्या ठोकत ठोकत तिथवर आला आणि त्याचा पाय गाळात रुतला. गाळ हलला. आत कोंडलेला वायू भसकन बाहेर आला.

हा वायू फार कपटी. थोडा असला की घाण वास येतो. जास्त असला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. ठोक्याला ते माहीत होते. वास एकदम गेला तेव्हा तो काय ते समजला. पुढचे तोंड लांब होते. मागच्या पायऱ्या हाताशी होत्या. त्याने हातोडी टाकली, पायऱ्या धरल्या आणि वर चढू लागला. दोन्ही हातांनी त्याने एक पायरी घट्ट पकडली, आणि ती पायरी जिथे माझ्यात रोवलेली होती तिथे मी ओला खडू झाले होते.

पायरीचे एक टोक निघून आले. ठोक्या खाली पडला आणि पुन्हा उठला नाही.

मित्रांनो, इथपर्यंत असते तर हा एक अपघात झाला असता. वाईट, पण अपघात. पुढे जे झाले ते मी अजून विसरले नाही. ती पायरी दुसऱ्या टोकाला गंजून सैल झाली होती. ती लोंबकळत राहिली. पंख्याची हवा तिच्यावर येत होती. हवेने ती हलू लागली आणि भिंतीवर आपटू लागली. टक्. टक्. टक्.

बाहेर धाकटा भाऊ पालथ्या बादलीवर बसला होता. ठोका चालू होता, म्हणून तो गप्प होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीतरी विचारले, "काय, कुठवर आलं?" तो म्हणाला, "मागच्या भिंतीला आहे दादा. आज भारीच चिकाटीने ठोकतोय." आणि तो हसला. मला ते हसू ऐकू येत होते. माझ्या तळाशी त्याचा भाऊ पडला होता आणि वर तो हसत होता, आणि माझ्याजवळ सांगायला काही म्हणजे काही नव्हते.

जेवणाची सुट्टी झाली. कोणीतरी पंखा बंद केला. ठोका थांबला. धाकट्याला वाटले, दादाही जेवायला थांबला. त्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग तो काही न बांधता, काही न विचारता तसाच आत उतरला. लोकांनी त्याला मोठ्या मुश्किलीने ओढून काढले, म्हणून तो वाचला. ठोक्याला बाहेर काढताना मागच्या पायऱ्यांकडे कोणाचे लक्षही गेले नाही. माझे झाकण लागले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पाणी सुरू झाले.

डॉक्टर म्हणाले, हा माणूस सुट्टीच्या बऱ्याच आधी गेला आहे. धाकटा म्हणाला, सुट्टीपर्यंत ठोका चालू होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण ऐकणाऱ्यांना त्यातली एकच खरी धरता येत होती, आणि ती त्यांनी डॉक्टरांची धरली.

पंपघरासमोरच्या फरशीवर ठोक्याची बायको उभी होती. ती ओरडली नाही. दिराकडे बघून म्हणाली, "मेलेला माणूस ठोकतो का, भाऊजी?"

"वहिनी, ठोका चालू होता."

"झोप लागली असेल तर तसं सांगा. माणूस आहे, लागते डुलकी. मी समजून घेईन. पण असलं काहीतरी सांगू नका मला."

"ठोका चालू होता, वहिनी."

"मग आजपासून माझ्या दारात पाय ठेवू नका," ती म्हणाली.

तो गेला. कुठे गेला ते मला कळले नाही.

ठोक्याच्या बायकोला पंपघरात नोकरी मिळाली. हिरवे बटण दाबून पंप लावायचा, पाणी उतरले की लाल बटण दाबून थांबवायचा. पहिल्या दिवशी तिने हिरवे बटण दाबले. पंपाने पाणी ओढायला सुरुवात केली, माझ्या पोटातली हवा हलली आणि पायरी भिंतीवर आपटली. टक्. टक्. टक्.

तिने तो आवाज ओळखला. तिचा हात बटणावरच राहिला. मग ती भिंतीजवळ आली, तिने भिंतीला कान लावला आणि पाणी संपेपर्यंत तशीच उभी राहिली. पंप बंद झाला, ठोकाही थांबला. तिने पदराने भिंत पुसली. त्या भिंतीवर काही नव्हते.

ती कोणालाही काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पंप लावला की ती भिंतीशी बोलू लागली. "मुलीचे दात पडायला लागलेत." "स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तुमचा पाना कुठे ठेवलाय कोण जाणे." "आईंना आता नीट दिसत नाही, तुमचा सदरा मागतात, तोच उशाला घेतात." घरी परत आलेल्या नवऱ्याला सांगावे तशा साध्या गोष्टी. आतून ठोका पडत राहायचा, आणि तिला वाटायचे, ते ऐकताहेत. ते बोलणे माझ्यासाठी नव्हते. तरी मी ते ऐकत होते, कारण तिथे दुसरे कोणीच नव्हते.

मुलगी मोठी झाली, तिचे लग्न झाले, म्हातारी सासू गेली. हे सगळे मला त्या भिंतीतूनच कळले.

आतल्या त्या आवाजाबद्दल बाकीच्यांनाही कळायला वेळ लागला नाही. कोणी नवा माणूस कामाला लागला की चार दिवसांत कारण काढून निघून जायचा. झाकण उघडायला कोणी धजेना. गाळ काढायचे नाव निघाले की सगळे हात वर करायचे. भुताच्या भीतीने माझी उरलीसुरली देखभालही थांबली. छताचे पोपडे पाण्यात पडू लागले. सळया उघड्या पडल्या. मागच्या भिंतीला चीर गेली आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यावर घाण पाणी झिरपू लागले. तिथून शाळेत जाणारी मुले नाक धरून धावत सुटायची.

तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. कोणी म्हणाले, फोडून टाका, नवी बांधा. एक इंजिनीअर बाई आल्या. त्यांनी मला वरून आणि बाहेरून तपासले आणि म्हणाल्या, "अहो, हिचा सांगाडा अजून चांगला आहे. खराब झालेलं काढून आतून मजबूत अस्तर दिलं तर ही पुन्हा उभी राहील." म्हाताऱ्या गवंड्यानंतर माझ्याबद्दल चांगले बोलणाऱ्या त्या पहिल्याच.

माझ्याकडे येणारे पाणी दुसरीकडे वळवले. अस्तर लावणारी माणसे आली. त्यांचा मुकादम चांगला जाडजूड आणि बोलघेवडा होता. आणि त्यांच्यात एक माणूस होता, त्याला सगळे खिळा म्हणत. तो टाकीत कधी उतरायचा नाही. त्याचे काम तोंडाशी बसायचे. आत माणूस असेपर्यंत तो जागचा हलायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचा नाही. जिथे ठोकला तिथेच, म्हणून खिळा. त्याचे केस पांढरे झाले होते. पण तो बादली पालथी घालून त्याच जागी बसला तेव्हा मी त्याला ओळखले.

पंपघराच्या दारातून त्याच्या वहिनीनेही त्याला ओळखले. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

पहिल्या दिवशी पुढच्या तोंडातून पंख्याची नळी सोडली. या वेळी नळी लांब होती. पंखा सुरू झाला, आणि रिकाम्या टाकीत ठोका घुमला. टक्. टक्. टक्.

मुकादमाने माणसे मोजली. मग पुन्हा मोजली. "अरे, आपले सगळे तर वरच आहेत."

एक जण घाबरून म्हणाला, "मी पण वरच आहे ना?" एरवी सगळे हसले असते. त्या दिवशी कोणी हसले नाही. हत्यारे जागच्या जागी टाकून माणसे कुंपणापर्यंत मागे गेली.

फक्त खिळा हलला नाही. तो बादलीवरून उठून माझ्या तोंडावर वाकला होता. इतक्या वर्षांत त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. पुढे पुढे त्यालाही वाटू लागले असेल की आपल्याला खरेच डुलकी लागली होती. आणि आता तोच ठोका, त्याच जागेवरून, त्याच चालीने येत होता.

मुकादम इंजिनीअर बाईंना म्हणाला, "बाई, माझी माणसं आत जायची नाहीत. उद्या सकाळपर्यंत कोणी उतरलं नाही तर मी गाशा गुंडाळतो. मग फोडा ही टाकी."

"मी जाते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोरी अडकवायचा कमरेचा पट्टा उचलला.

"तुम्ही नको," खिळा म्हणाला. "मी जातो."

"तू?" मुकादम म्हणाला. "तू तर आत पाऊल टाकत नाहीस."

"आज टाकतो."

"आणि तोंडाशी कोण बसणार? सगळे तिकडे कुंपणाला चिकटलेत."

पंपघराचे दार उघडले. वहिनी आली. दिराकडे न बघता तिने दोरीचे टोक हातात घेतले. "मी बसते," ती म्हणाली. मग दोरीकडे बघतच म्हणाली, "मलाही ऐकू येतं हे. पंप लावला की रोज."

"कधीपासून?"

"कामाला लागले त्या दिवसापासून."

खिळा तिच्याकडे वळला. "मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"बोलले असते तर तुमचं खरं झालं असतं," ती म्हणाली. "आणि लोकांनी आत शोधलं असतं, बंद केलं असतं. मला ते बंद व्हायला नको होतं. तेवढंच उरलं होतं माझ्याकडे."

मित्रांनो, तो रागावेल असे मला वाटले. त्याला तो हक्क होता. तिने एक शब्द उच्चारला असता तर त्याची इतकी वर्षे अशी गेली नसती. पण त्याने पट्टा बांधला, दोरी अडकवली, वायू मोजणारे यंत्र छातीवर लावले आणि माझ्या पोटात उतरला.

या वेळी कोणी गप्प बसले नाही. ती वरून हाक मारत राहिली.

"भाऊजी?"

"ओ."

"भाऊजी?"

"ओ. इथंच आहे."

ठोका चालूच होता. तो आवाजाच्या दिशेने मागच्या भिंतीकडे गेला. टॉर्चच्या उजेडात त्याला पायऱ्या दिसल्या. त्यातली एक तिरकी लोंबत होती, हलत होती, आपटत होती. तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. वरून हाका येत होत्या आणि तो ओ देत होता, पण त्याचा आवाज बदलला होता. मग त्याने हात पुढे करून ती पायरी मुठीत धरली.

ठोका थांबला.

"वहिनी, आता ऐका."

वर शांतता. नुसता पंख्याचा आवाज.

त्याने मूठ सोडली. टक्. टक्. टक्.

"आता?"

"येतोय," ती म्हणाली.

त्याने पुन्हा मूठ आवळली. "आणि आता?"

तिने दोरी ओढली. मग "वर या," एवढेच म्हणाली.

पायरी त्याच्या हातातच निघून आली. ती घेऊन तो वर आला आणि त्याने ती वहिनीच्या हातात दिली. एक टोक गंजून झिजले होते. दुसऱ्या टोकाला माझ्या अंगाचा एक गड्डा अजून चिकटलेला होता. मुकादम धीर करून जवळ आला, पायरी वळवून पाहिली आणि म्हणाला, "हे टोक आपोआप नाही सुटलेलं. कोणीतरी धरून जोर लावलाय. माणसाचं वजन आलंय हिच्यावर."

"तिकडच्या पायऱ्या कोणी वापरतच नाही," वहिनी म्हणाली. "झाकणच उघडत नाही तिकडचं." आणि बोलता बोलताच ती थांबली.

"दादा वर येत होता," खिळा म्हणाला.

तिने पायरी दोन्ही हातांनी धरली. जिथे त्याचे हात होते अगदी तिथेच, हे तिला माहीत नव्हते, मला होते. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली. ठोक्या गेला त्या दिवशी ती जे रडली नव्हती ते सगळे रडली. खिळा शेजारी उभा होता. त्याला पुढे व्हावे की नाही ते कळत नव्हते.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "डबा आणलाय का, भाऊजी?"

"नाही."

"मग घरी चला जेवायला," ती म्हणाली. "ताट वाढते."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माझे सगळे मऊ झालेले अंग काढले, भरीव काँक्रीट लागेपर्यंत. दुखले, खोटे कशाला बोलू. उघड्या सळया घासून लखलखीत केल्या आणि त्यांना गंज लागू नये म्हणून लेप दिला. खड्डे सिमेंटच्या मसाल्याने भरले. मग अस्तर. आधी चिकट राळेचा थर, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड, त्यावर पुन्हा राळ, पुन्हा कापड. आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये म्हणून रोलर फिरवून फिरवून दाबले. राळेचा वास असा की मला माझा जुना वास बरा वाटला. शेवटी विजेच्या तारांचा ब्रश सगळ्या अंगावरून फिरवला. सुईच्या टोकाएवढे जरी भोक राहिले असेल तर तिथे ठिणगी उडते. जिथे उडाली तिथे खूण केली आणि पुन्हा लेप दिला. मागचे गंजलेले झाकण कापून काढले, नवे बसवले, आणि दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचे आवरण असलेल्या नव्या पायऱ्या लावल्या.

सगळे दिवस खिळा तोंडाशी बसून होता आणि हाका मारत होता. आतली माणसे कंटाळायची. "आहे रे बाबा, अजून जिवंत आहे," असे ओरडायची. तो तरीही हाक मारायचा.

जाण्यापूर्वी तो हातोडी घेऊन आत उतरला. भावासारखीच मान कलती करून त्याने माझ्या सगळ्या भिंती ठोकल्या. सगळीकडून भरीव आवाज आला. मागच्या भिंतीशी त्याने हातोडी खाली ठेवली, थोडा वेळ उभा राहिला आणि वर गेला.

मित्रांनो, आता माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या रस्त्यात, अंगणात, शाळेच्या मागे लोखंडी झाकणे असतात. त्यांच्याखाली माझ्यासारखी कोणीतरी तुमची घाण पोटात घेऊन गुपचूप झिजत असते. तिच्याकडे कानाडोळा करू नका. 'पुढच्या वर्षी बघू' असे तुम्ही मोठेपणी कधी म्हणू नका. आणि कोणी आत उतरणार असेल, तर आतून आवाज येतो आहे यावर समाधान मानू नका. आधी हवा तपासा, दोरी बांधा आणि हाक मारत राहा. आवाज कशाचाही असू शकतो. ओ मात्र माणूसच देतो.

माझ्यात पुन्हा पाणी आले त्या दिवशी वहिनीने हिरवे बटण दाबले. पंपाने पाणी ओढायला सुरुवात केली. माझ्या पोटातली हवा हलली. आत काहीही वाजले नाही. तिने सवयीने भिंतीला कान लावला होता. पंप चालू होता तोवर ती वाट बघत उभी राहिली. मग लाल बटण दाबले आणि परत भिंतीजवळ आली.

"भाऊजी येतात हल्ली रविवारी," ती हळूच म्हणाली. "कालच जेवून गेले."

हे ती त्याला सांगत होती की मला, ते मला कळले नाही. दुसऱ्या कोणी ऐकले नाही, म्हणून मी ते जपून ठेवले आहे.